‘आथानी कैरी’ची असल चाल कोणती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘आथानी कैरी, तथानी कैरी’ या आखाजीच्या गाण्यावरून वाचकांमध्ये जो वाद सुरू झाला आहे, त्यातली सगळी पत्रे मी मन लावून वाचली. एका अहिराणी गाण्यासाठी खानदेशातली माणसे इतक्या हिरिरीने लिहितात याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र बहुतेक पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: अमुक गायिकेचे गाणे असल की तमुक गायिकेचे, आणि मूळ चाल कोणाची? हा प्रश्न लोकगीताला लागू पडत नाही, असे माझे मत आहे. गायिकांची तुलना जरूर व्हावी; परंतु ती कशाच्या आधारे करायची हे आधी ठरले पाहिजे, आणि त्यासाठी हे गाणे कुठे, केव्हा आणि काय करताना म्हटले जाते हे बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. इतरत्र या दिवशी सोने घेतात, पण आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात, आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि मुख्य म्हणजे सासुरवाशिणी माहेरी येतात. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल याच दिवशी संपते आणि नवे सुरू होते. गावातल्या लिंबाला झोके बांधले जातात आणि ते आठवडाभर तरी रिकामे राहत नाहीत. ‘आथानी कैरी’ हे या झोक्यावरचे गाणे आहे. त्याची सुरुवात अशी:

आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं,
कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं.

म्हणजे इकडची कैरी, तिकडची कैरी झोका खाते; कैरी तुटली, खडक फुटला आणि झुळझुळ पाणी वाहू लागले. पुढे त्या वाहत्या पाण्याकाठी बांगड्यांचा बाजार भरतो, मुलगी आईला म्हणते की माझ्यासाठी बांगड्या घेऊन ठेव आणि भावाच्या हाती पाठवून दे, आणि मग भावाचे कौतुक सुरू होते. एका कडीतून दुसरी कडी निघत जाते. कैरी तुटण्यापासून भावाची वाट पाहण्यापर्यंत गाणे कसे येऊन पोहोचले हे म्हणणारीलाही कळू नये, अशी त्याची बांधणी आहे. सासरी राहिलेली, या आखाजीला माहेरी न आलेली मुलगी त्यात बोलते आहे, आणि माहेरी आलेल्या मुली तिच्या तोंडचे शब्द म्हणत आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे झोक्यावरच्या या हसऱ्या गाण्यात मधूनच आवाज का जड होतो ते समजते.

आता असल-नकलेचा प्रश्न. बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर कविता केली आहे. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, त्यांचा पाठ छापलेला आहे, आणि एखाद्या गायिकेने त्यातला शब्द बदलला तर आपण पुस्तक उघडून तिला दाखवू शकतो. तिथे चूक आणि बरोबर यांना अर्थ आहे. ‘आथानी कैरी’चे तसे नाही. त्याचा कोणी कवी नाही, छापील पाठ कुणी केलाच असेल तर तो एका बाईने एका गावी एका दिवशी सांगितलेला पाठ आहे. पुढच्या गावच्या बाईने बांगड्यांऐवजी चोळी-लुगड्याचा बाजार भरवला, तर तिने कुणाची चोरी केली नाही आणि कुणाचा शब्दही मोडला नाही. ती गाणे म्हणते आहे एवढेच. आपल्या एका पत्रलेखकाने जळगाव-यावलकडची लेवा बोलीच्या वळणाने म्हटलेली ओळ ‘भ्रष्ट’ ठरवली आहे, हे वाचून मला फार वाईट वाटले. धुळे, साक्री, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर, चाळीसगाव ते बागलाण एवढ्या पट्ट्यात अहिराणी दर दहा-वीस कोसांवर वळण बदलते, यावल-रावेरला लेवा बोली आहे, शहाद्याकडे गुजरी आहे, आणि या सगळ्या घरांतल्या लेकी एकमेकींच्या गावांत नांदतात. गाणी त्यांच्याबरोबरच गेली आणि त्यांच्याबरोबरच बदलली.

मी शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे या वादात चालीइतकाच लयीचाही विचार व्हावा असे मला वाटते, आणि तो कुणीच केलेला नाही. झोका म्हणजे लंबक. लंबकाचा फेरा त्याच्या लांबीवर ठरतो. झोक्यावर बसलेली बाई जाड आहे की बारीक याने फारसा फरक पडत नाही, आणि झोका थोडा उंच गेला तरी फेऱ्याचा वेळ फार वाढत नाही. पंधरा फूट दोराच्या झोक्याला एक जाऊन-येऊन फेरा करायला सव्वाचार सेकंदांच्या आसपास लागतात, वीस फुटांच्या झोक्याला जवळजवळ पाच. म्हणजे लिंबाची फांदी किती उंच आहे यावर गाण्याची लय ठरते. ज्या गावात जुना, उंच लिंब आहे तिथे गाणे संथ चालते. जिथे फांदी खाली आहे तिथे ते आपोआप जरा धावते. दोन गावांच्या चालींत ‘खरी लय’ कोणती असे विचारण्यात काहीच हशील नाही, कारण दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचा दाखला झाडावर टांगलेला आहे.

माझे माहेर बोरी नदीच्या काठचे. तिथे माझी थोरली आत्या हे गाणे उचलायची, म्हणजे ओळ आधी म्हणायची, आणि बाकीच्या झेलायच्या, म्हणजे तिच्यामागून म्हणायच्या. फांदीला दोर काचू नये म्हणून आधी गोणपाट गुंडाळायचे, मग दोर टाकायचा, मग पाटली. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या. झोका अर्धवट हलत असताना आत्या कधीही तोंड उघडत नसे. तो एकदा भरात आला, की पुढे जाताना ‘आथानी कैरी’, मागे येताना ‘तथानी कैरी’. पुन्हा पुढे जाताना ‘कैरी झोका’, आणि मागे येताना ‘खाय वं’. या शेवटच्या तुकड्यात अक्षरे कमी आहेत, पण झोक्याला परतायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून तो ‘वं’ झोका मागे टोकाला जाईपर्यंत लांबवत न्यावा लागतो. झोका टोकाला पोचून क्षणभर थांबतो, तिथे आत्या श्वास घ्यायची, आणि झोका सुटला की पुढची ओळ सुटायची. गाण्याची एक ओळ म्हणजे झोक्याचे दोन फेरे, हे गणित कुणी बसून ठरवलेले नाही, पण ते चुकत नाही. ज्या बाईला हा ‘वं’ नीट लांबवता येत नसे तिला कुणी उचलायला सांगत नसे. ती झेलणाऱ्यांत राहायची.

या पार्श्वभूमीवर आपल्या पत्रलेखकांनी ज्यांची तुलना केली ती ध्वनिमुद्रणे मी पुन्हा ऐकली. कोणा गायिकेला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, म्हणून नावे घेत नाही; ज्यांनी वाद वाचला आहे त्यांना ती ओळखू येतील.

पहिले गाणे शास्त्रीय तालीम झालेल्या गायिकेचे आहे, पेटी आणि तबल्याच्या साथीचे. आवाज अतिशय सुरेल, उच्चार स्वच्छ. केरवा ताल धरला आहे, पण लय इतकी जपून ठेवली आहे की डोळे मिटून ऐकले तर झोका चालवता येईल. त्यात मला दोन गोष्टी खटकतात. ‘झुयझुय’चे ‘झुळझुळ’ केले आहे आणि ‘माले’चे ‘मला’. प्रमाण मराठीत ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी ते केले असावे, परंतु अहिराणीतला ‘य’ जीभ न वळवता वाहतो आणि ‘ळ’ला प्रत्येक वेळी जीभ वळवून आपटावी लागते, त्यामुळे ओळीचा ओघ मधेच तुटतो. दुसरे असे, की भावाचा भाग गाळून गाणे बांगड्यांच्या बाजारापाशी संपवले आहे. ज्यासाठी ही सगळी साखळी गुंफली, तीच कडी काढून टाकली. यामागे वेळेचे बंधन असणार. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या, त्याही गेल्या, तरी गाणे तेवढेच असावे ही सवय काही गेली नाही. झोक्यावरचे गाणे झोका उतरेपर्यंत चालते. पहिल्या जोडीने झोका सोडला आणि दुसरी चढली, की गाणे जिथे होते तिथून पुढे जाते, पुढचे आठवेनासे झाले की नव्या वस्तूचा बाजार भरतो.

दुसरे गाणे सध्या हळदीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत वाजते ते. त्यावर सर्वांत कडक टीका झाली आहे. माझी भूमिका थोडी निराळी आहे. माझ्या शेजारची शाळकरी मुले घरात प्रमाण मराठी बोलतात. त्यांच्या तोंडी अहिराणी आली ती या गाण्यांमुळे. पाचोऱ्याच्या किंवा दोंडाईच्याच्या वरातीत पोरे ‘खडक फुटना’ म्हणत नाचतात तेव्हा त्यांना आपल्या बोलीची लाज वाटत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या पिढीला शाळेत अहिराणी शब्द निघाला म्हणून हातावर छड्या बसल्या आहेत. परंतु गाणे म्हणून पाहिले तर त्यात पहिल्या दोन ओळीच पुन्हा पुन्हा येतात, आणि लय इतकी वाढवली आहे की एका ओळीला दोन-अडीच सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्या वेळात वीस फुटांचा झोका फार तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. कैरी झोका खाते असे म्हणणाऱ्या गाण्यावर झोकाच खेळता येत नाही, ही त्यातली खरी उणीव आहे. वाद्ये विजेची आहेत किंवा गाणारी मुलगी तरुण आहे ही नव्हे.

तिसरे गाणे एका पत्रलेखकाने ओझरते सांगून सोडून दिले, पण मला ते सर्वांत मोलाचे वाटते. सुरतेला उधना, लिंबायत भागांत आपली हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी गेली आणि तिथेच राहिली. तिथल्या बायकांनी आखाजीला इमारतीच्या आवारात म्हटलेले हे गाणे कुणीतरी मोबाइलवर टिपले आहे. तिथे लिंब नाही, झोका नाही. बायका फुगडीच्या ठेक्यावर, टाळ्या देत गोल फिरत म्हणतात. साहजिकच ‘वं’ लांबत नाही. तो टाळीवर तुटतो. शब्द मात्र आत्या म्हणायची जवळजवळ तसेच आहेत, भावाचा भाग पुरता आहे, उलट तो लांबला आहे, आणि तिथे आवाज सगळ्यांत मोठा होतो. झोका गेला तेव्हा त्या बायकांनी गाण्याला दुसरे काम दिले आणि लय त्या कामाशी जुळवून घेतली. वरातीतल्या गाण्यातही लय बदलली आहे, सुरतेच्याही. पण सुरतेला ती गाणाऱ्या बायकांच्या हातापायांनी बदलली. तुलना करायची तर ती अशा गोष्टींची व्हावी: गाणे कोण उचलते, कोण झेलते, हातपाय काय करतात, श्वास कुठे घेतला जातो, आणि गाणे संपते की संपवले जाते.

याचा अर्थ काहीही केले तरी चालेल असा कोणी घेऊ नये. गाण्याचे नुकसान होते, आणि ते कसे होते हे स्पष्ट सांगता येते. एकच ध्वनिमुद्रण गावोगावी वाजू लागले की गावोगावची चाल गप्प होते. गेल्या काही आखाज्यांना माझ्या माहेरीच मी हे पाहते आहे. झोका बांधलेला असतो, मुली झोक्यावर असतात, आणि गाणे शेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून येत असते. झोक्याची लय एक आणि गाण्याची दुसरी, त्यामुळे मुली त्यावर म्हणूही शकत नाहीत. त्या नुसत्या ऐकतात. एका जुन्या जाणत्या बाईने म्हणायला सुरुवात केली तर तिलाच सांगतात की, आजी, गाण्यात असे नाही. आपल्या पुरवणीत ‘असल’ गाणे ठरवण्याचा जो प्रयत्न चालला आहे तो याच प्रकाराला बळ देतो, म्हणून हे पत्र लिहिण्याची गरज वाटली.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. या सर्व ध्वनिमुद्रणांवर संगीतकाराचे नाव आहे, संयोजकाचे आहे, निर्मात्याचे आहे, आणि गीताच्या जागी ‘पारंपरिक’ एवढाच शब्द आहे. परंपरा काही आपण होऊन गायिकेच्या कानात गाणे सांगत नाही. कोणीतरी एका बाईने ते सांगितले, बहुधा चार-चारदा म्हणून दाखवले. तिचे नाव आणि तिचे गाव कुठेच नाही. हे अशक्य काम नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या ओव्यांसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले, आणि आज त्या ओव्या तशाच, नावागावासह लोकांपुढे येत आहेत. त्यातल्या एकाच विषयावरच्या ओव्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की तुलना कशी करावी हे वेगळे शिकावे लागत नाही. आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनीही पुढे बायकांच्या ओव्या मोठ्या आस्थेने गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे जिल्ह्याजिल्ह्यांतली गाणी छापवली. छापील शब्द उरले हे फार मोठे काम झाले. पण छापलेल्या पानावर झोक्याचा ‘वं’ किती लांबतो ते दिसत नाही. त्यासाठी आवाज हवा, आणि आज तो टिपण्याचे साधन घरोघरी आहे.

नाव नोंदण्यात केवळ सौजन्याचा प्रश्न आहे असेही नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. गाणे सर्वांचे असले तरी एखाद्या बाईने म्हटलेले, तिच्या आवाजातले गाणे तिला न विचारता टिपणे आणि विकणे हे योग्य नाही, मग ती बाई सही करणारी असो की अंगठा देणारी.

आपल्याला एक विनंती करते. येत्या आखाजीच्या आधीपासून पुरवणीत एक सदर सुरू करावे आणि वाचकांकडून या एकाच गाण्याचे पाठ मागवावेत. प्रत्येक पाठासोबत गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव आणि तालुका, तिचे माहेर, गाणे तिने कुणाकडून घेतले, ते झोक्यावर म्हटले की फुगडीला की नुसते बसून, आणि झोक्यावर असल्यास दोर साधारण किती हात लांब, एवढी माहिती असावी. माहेर आणि सासर दोन्ही विचारावे, कारण गाण्याचा प्रवास त्या दोन गावांमधल्या रस्त्यानेच झालेला असतो. शब्द जसे म्हटले तसेच छापावेत; ‘झुयझुय’ सुधारून ‘झुळझुळ’ करू नये, आणि लेवा, गुजरी किंवा बागलाणी वळणाचा पाठ आला तर तोही त्याच मापाच्या अक्षरांत, इतरांच्या शेजारी छापावा. पाठवणाऱ्याने बाईची परवानगी घेतलेली असावी आणि तिला अंकाची प्रत घरपोच मिळावी. आवाजाच्या फिती जपण्याचे काम एखाद्या दैनिकाला झेपणारे नाही, हे मी जाणते. त्यासाठी आकाशवाणीचे जळगाव केंद्र, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि बहिणाबाईंचेच नाव लाभलेले आपले विद्यापीठ यांच्याशी आपण बोलावे. आपल्या शब्दाला तिथे वजन आहे. आत्याने म्हटलेला पाठ मी याच टपालाने सोबत पाठवत आहे. तिचे नाव, माहेर-सासर आणि झोक्याची माहिती त्यावर लिहिली आहे, आणि तिच्या लेकींची संमतीही घेतली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव